बर्फावरील विद्यार्थी

मुलाच्या अंगीं एखादा विशेष गुण दिसूं लागला कीं घरांत दोन पक्ष होतात. एक म्हणतो, त्याला त्या गुणाच्या मागें मोकळें सोडावें. दुसरा म्हणतो, आधीं शाळा, मग इतर सर्व. हा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं, आणि तो एका लेखानें मिटेल असेंहि नाहीं. परंतु या वादाच्या भरांत एक प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाहीं. मूल मोठें झालें, नांवारूपास आलें, आणि त्याच्या विद्येची पुढली पायरी परदेशीं असली, तर ज्या घरानें व ज्या गांवानें त्याला वाढविलें त्यांना मागें टाकून त्यानें जावें काय? जपानांतील एका मुलापुढें हा प्रश्न अगदीं कोंवळ्या वयांत उभा राहिला, आणि तोहि अशा वेळीं, कीं त्याचें गांव भूकंपानें नुकतेंच उद्ध्वस्त झालें होतें. त्या मुलाचें नांव युझुरू हान्यू. पुढें २०१४ व २०१८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिक स्पर्धांत त्यानें फिगर स्केटिंगचें सुवर्णपदक मिळविलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. आम्ही आज सांगणार आहों ती हकीकत मुख्यतः त्या कीर्तीच्या आधींची आहे.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. पोलादी पातीं बसविलेले बूट घालून बर्फावर घसरत जावयाचें, आणि संगीताच्या ठेक्यावर उड्या, गिरक्या व पदन्यास करावयाचे, असें याचें बाह्य स्वरूप. पाहणारास तें नृत्य वाटतें. करणारास तें गणित असतें. पात्याच्या तळाशीं मधोमध खांच असते व तिच्या दोहों अंगांस दोन धारा असतात. कोणत्या पायाच्या कोणत्या धारेवरून आणि कोणत्या दिशेनें उडी घेतली, यावरून उडीचें नांव ठरतें. हवेंत चार फेरे घ्यावयाचे तर त्यास सेकंदाचा पाऊण भागहि पुरता मिळत नाहीं. तेवढ्या अवकाशांत हात छातीशीं घट्ट घ्यावे लागतात, कारण अंग जितकें आवळावें तितका फिरण्याचा वेग वाढतो. आणि मग एकाच पायावर, पाठीकडे सरकत, तोल न जाऊं देतां उतरावें लागतें. चार फेऱ्यांची उडी सामन्यांत प्रथम मान्य झाली ती १९८८ सालीं, बुडापेस्ट येथें, कर्ट ब्राउनिंग या कॅनडाच्या खेळाडूची. यावरून ही विद्या किती अवघड आहे याची कल्पना यावी.

या विद्येची पाटी म्हणजे बर्फाचें मैदान. त्यास रिंक असें म्हणतात. जमिनीखालीं नळ्यांचें जाळें पसरलेलें असतें. त्यांतून यंत्राच्या साहाय्यानें अतिशीत द्रव खेळवितात, व त्यावर दोनतीन बोटें जाडीचा बर्फाचा थर धरतो. यंत्र थांबलें कीं बर्फाचें पाणी होतें. म्हणजे कोणी तरी रोजच्या रोज विजेचा खर्च सोशीत आहे तोंपर्यंतच ही पाटी विद्यार्थ्याच्या हातांत राहते. ही साधी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील हकीकतींत ती वारंवार येणार आहे.

हान्यूचा जन्म ७ डिसेंबर १९९४ रोजीं सेंदाई येथें झाला. जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येस तोहोकु नांवाचा भाग आहे, त्यांतील हें सर्वांत मोठें शहर. वडील शाळामास्तर, घरची राहणी साधी. मुलाचें नांव वडिलांनीं निवडलें. तें ज्या दोन अक्षरांनीं लिहितात त्यांपैकीं एकाचा अर्थ बांधणें व दुसऱ्याचा धनुष्याची दोरी असा आहे. ओढलेल्या प्रत्यंचेप्रमाणें याचें जीवन ताठ व तेजस्वी असावें, ही त्यांतील इच्छा. नांव असें ठेवलें खरें, परंतु मूल दोन वर्षांचें होतें न होतें तोंच त्याला दम्यानें गांठलें. ज्याच्या छातींत श्वास पुरत नाहीं त्याची प्रत्यंचा ताठ कशी राहावी?

वयाच्या चौथ्या वर्षीं तो थोरल्या बहिणीच्या मागोमाग रिंकवर गेला. दम्याला या व्यायामानें कांहीं उतार पडेल अशीहि घरच्यांची आशा होती. सात वर्षांचा असतां, २००२ सालच्या ऑलिंपिक स्पर्धेंत, त्यानें येवगेनी प्ल्युश्चेंको या रशियन खेळाडूस पाहिलें, आणि मग त्याच्यासारखे केस कापून घेण्यापर्यंत त्या मुलाची मजल गेली. सामन्यांत घालावयाचे पोशाख आरंभींच्या वर्षांत आई घरीं शिवून देत असे. शोइचिरो त्सुझुकी हे त्याचे बालपणींचे गुरु. त्याची आणखी एक संवय आम्हांस विशेष वाटली. उडी कां साधली, कां चुकली, हात कोठें होता, खांदा कोठें होता, याची टांचणें तो एका वहींत करून ठेवी. मुलांस वही घालावयास लावणें किती कठीण आहे हें प्रत्येक मास्तर जाणतो. आणि या मुलानें ती बर्फावरच्या उड्यांसाठीं घातली! जो आपली चूक शाईनें लिहून ठेवतो त्याला ती दुसऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं. विद्यार्थी ओळखावयाचा तो अशा खुणेनें.

२००४ सालीं, दहावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो आपल्या वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेंत पहिला आला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या गांवचें रिंक बंद पडलें. कारण कांहीं गूढ नव्हतें. खर्चाची तोंडमिळवणी होईना. गुरुजी योकोहामाकडे गेले. मुलाला दुसऱ्या रिंकवर, मिळेल तेवढ्या थोड्या वेळांत, सराव करावा लागला. पदक घरांत आणि पाटी गांवांत नाहीं, असा हा प्रकार झाला.

तें रिंक पुन्हा उघडलें २००७ सालीं. त्यास निमित्त झाली शिझुका आराकावा नांवाची तरुणी. ती सेंदाईच्या बर्फावरच लहानाची मोठी झालेली. २००६ सालीं ट्यूरिन येथील ऑलिंपिक स्पर्धेंत तिनें सुवर्णपदक मिळविलें, आणि फिगर स्केटिंगमध्यें जपानला मिळालेलें तें पहिलेंच सुवर्ण. या यशानें तिच्या शब्दाला जें वजन आलें तें तिनें गांवच्या रिंकसाठीं खर्चीं घातलें. सरकारी मदत मिळाली, यंत्रें पुन्हा सुरू झालीं, आणि बारा वर्षांचा हान्यू आपल्या जुन्या पाटीवर परत आला. गांवाचें ऋण कसें फेडावयाचें याचा पहिला धडा त्याला असा आयता डोळ्यांसमोर मिळाला. आराकावा सेंदाईंत बसून राहिली नव्हती. ती जगभर फिरली. परंतु परत येतांना जें आणलें तें नेमकें जेथें द्यावयास पाहिजे तेथें दिलें.

आतां नव्या गुरु नानामी आबे यांच्या हाताखालीं त्याची प्रगति झपाट्यानें होऊं लागली. २००९ सालीं सोफिया येथें झालेल्या जगांतील कुमारांच्या अजिंक्यपद स्पर्धेंत तो बारावा आला. पुढल्याच वर्षीं हेग येथें त्याच स्पर्धेंत पहिला आला. तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता. त्याच सालीं तो प्रौढ खेळाडूंच्या सामन्यांत उतरला. नागोया येथें त्यानें चार फेऱ्यांची उडी साधली, पण क्रमांक चौथा. मॉस्को येथें सातवा. कुमारांत पहिला येणारा प्रौढांत सातवा येतो यांत नवल नाहीं. मॅट्रिकला पहिले आलेले विद्यार्थी कॉलेजच्या पहिल्या परीक्षेंत असेच गांगरतात. जे पुन्हा वही उघडतात ते पुढें जातात. हान्यूनें ती उघडली, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें तैपेई येथील मोठ्या स्पर्धेंत तो दुसरा आला.

त्यानंतर एक महिना गेला नाहीं तोंच ११ मार्च २०११ ची दुपार आली. दोन वाजून सेहेचाळीस मिनिटांनीं तोहोकुच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळीं भूकंप झाला. त्याची तीव्रता ९ होती. जपानच्या ज्ञात इतिहासांत एवढा मोठा धक्का मोजला गेलेला नाहीं. मागोमाग समुद्र उसळून किनाऱ्यावर आला. सुमारें सोळा हजार माणसें मृत झालीं, अडीच हजार बेपत्ता राहिलीं. त्या क्षणीं सोळा वर्षांचा हान्यू सेंदाईच्या रिंकवर सराव करीत होता. इमारत हलूं लागली. बूट सोडावयास अवसर नव्हता. तो पात्यांसकटच बाहेर पळाला. ज्या पात्यांची धार खेळाडू जिवापलीकडे जपतो, जीं कठीण जमिनीस लागूं नयेत म्हणून आच्छादनें बाळगतो, तींच पातीं घालून त्यानें जमीन गांठली. घरचीं माणसें वांचलीं. कुटुंबानें कांहीं दिवस सार्वजनिक निवाऱ्यांत, उघड्या फरशीवर, इतर निराश्रितांच्या सोबतीनें काढले. रिंकच्या नळ्या फुटल्या व तें बंद पडलें. सात वर्षांत त्याची पाटी दुसऱ्यांदा हिरावली गेली.

त्याच्या मनाची त्या वेळची स्थिति त्यानें पुढें स्वतः सांगितली आहे. स्केटिंग सोडून द्यावें असें त्यास वाटलें. शेजारीपाजारी पाण्याकरितां रांगा लावीत असतां आपण बर्फावर गिरक्या घेत राहावें, हें त्याला अपराधासारखें वाटूं लागलें. आमच्या मतें हा विचार दुबळेपणाचा नव्हता, चांगल्या मनाचा होता. ज्या मुलाला अशा वेळीं असें कांहींच वाटत नाहीं, त्याच्या पदकांचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं.

परंतु हा विचार चांगला असला तरी त्यांतून निघणारा निर्णय बरोबर असतोच असें नाहीं. योकोहामाच्या जुन्या गुरुजींनीं त्याला जवळ घेतलें व तेथें त्याचा सराव सुरू झाला. ९ एप्रिल रोजीं, म्हणजे भूकंपास महिनाहि पुरा झाला नव्हता तों, कोबे शहरीं आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठीं प्रयोग झाला, त्यांत तो उतरला. कोबे हेंहि १९९५ सालीं भूकंपानें उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभें राहिलेलें गांव. तें उभें राहिलेलें पाहूनच त्याला धीर आला असेल. त्यानंतर रिंक नसल्यामुळें त्यानें एक युक्ति केली: गांवोगांवच्या बर्फावरील खेळांत भाग घ्यावयाचा, आणि खेळाच्या आधींमागें जो वेळ मिळेल त्यांत आपला सराव उरकावयाचा. असे सुमारें साठ प्रयोग त्या काळांत झाले. सेंदाईचें रिंक दुरुस्त होऊन जुलैंत पुन्हा सुरू झालें.

मार्च २०१२ मध्यें फ्रान्समधील नीस येथें जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत तो प्रथमच उतरला. पहिल्या, छोट्या प्रयोगानंतर त्याचा क्रमांक सातवा होता. दुसऱ्या, दीर्घ प्रयोगांत त्यानें आरंभीं सर्व कठीण उड्या साधल्या, आणि मध्येंच, जेथें उडीहि नव्हती अशा ठिकाणीं, तो पडला. उठला, आणि पुढील उडी घेतली. अखेरीस छातींत दम उरला नव्हता हें पाहणारास स्पष्ट दिसत होतें. त्या प्रयोगांत तो दुसरा आणि एकूण स्पर्धेंत तिसरा ठरला. वय सतरा. आपण आपद्ग्रस्तांना धीर देत आहों अशी त्याची वर्षभर समजूत होती. परंतु त्यांच्याकडून आलेलीं पत्रें वाचून, धीर देणारे ते आहेत आणि घेणारा मी आहें, हें आपणांस उमगलें, असें त्यानें सांगितलें आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. याच वसंत ऋतूंत त्याच्यापुढें कॅनडांतील टोरोंटो येथें जाण्याची गोष्ट निघाली. तेथें ब्रायन ऑर्सर हे नामांकित शिक्षक होते. १९८४ व १९८८ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत ते स्वतः दुसरे आलेले, आणि २०१० ची सुवर्णपदकविजेती कोरियन मुलगी किम यु-ना ही त्यांचीच शिष्या. चांगला गुरु, बरोबरीचे विद्यार्थी, आणि अडथळा न येतां मिळणारा बर्फ, हीं तिन्ही तेथें होतीं. पण हान्यूचें मन सेंदाई सोडावयास तयार नव्हतें. गांव अजून सांवरलें नाहीं, ज्या लोकांनीं पत्रें लिहिलीं ते अजून तात्पुरत्या घरांत राहतात, आणि आपण त्यांना सोडून जावयाचें? शेवटीं तो गेला. आई त्याच्याबरोबर परदेशीं राहिली. वडील व बहीण सेंदाईस राहिलीं. एका मुलाच्या विद्येसाठीं घराचे दोन भाग झाले. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस याची किंमत सांगावयास नको.

येथें कोणी म्हणेल, कीं त्याचें जाणें योग्यच होतें. पाहा, दोनच वर्षांत सुवर्णपदक मिळालें! हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. २०१२ सालीं निघतांना पदकाची हमी कोणींहि दिलेली नव्हती. पाय मोडला असता, दमा बळावला असता, तर तेंच जाणें कृतघ्नपणाचें ठरलें असतें काय? फळावरून कर्माची परीक्षा करणें सोपें, पण तें न्यायाचें नाहीं. तो घरीं राहता तर सेंदाईस एक निराश तरुण अधिक मिळाला असता. एकाहि घराची भिंत त्यानें लौकर उभी राहती ना. आणि तो गेला तो मौजेसाठीं गेला नाहीं, अपुरी विद्या पुरी करावयास गेला. जगांत तिसऱ्या आलेल्या या मुलाला टोरोंटोस साध्या घसरण्याचे, पाया पक्का करण्याचे धडे पुन्हा गिरवावे लागले. त्यानें ते गिरविले. निघतांना मनांत ऋणाची जाणीव होती, आणि गेल्यावर कष्टांत कसूर नव्हती. एवढ्या दोन गोष्टी असल्या म्हणजे जाणें निर्दोष होतें, मग फळ कांहींहि येवो.

फळ आलें तेंहि सरळ आलें नाहीं. फेब्रुवारी २०१४ मध्यें सोची येथें छोट्या प्रयोगांत त्याला १०१.४५ गुण मिळाले. या प्रयोगांत शंभरांची मर्यादा ओलांडणारा तो पहिला. दीर्घ प्रयोगांत मात्र तो दोनदां पडला. प्रतिस्पर्धी पॅट्रिक चॅन याच्याहि चुका झाल्या, आणि २८०.०९ विरुद्ध २७५.६२ असा निकाल लागला. एकोणीस वर्षांचा हान्यू पुरुषांत सुवर्ण मिळविणारा आशियाचा पहिला खेळाडू झाला. त्यानंतर पत्रकारांनीं भूकंपाविषयीं विचारलें तेव्हां, येथें मला आपण अगदीं असमर्थ आहों असें वाटतें, माझ्या हातून गांवाला कांहींच मदत झालेली नाहीं, अशा अर्थाचें तो बोलला. गळ्यांत सुवर्णपदक आलें असतां, पदकानें घरें बांधलीं जात नाहींत हें ज्याला आठवतें, त्याचें शिक्षण चांगलें झालें असें आम्ही समजतों.

असमर्थतेच्या भावनेवर तो थांबला नाहीं, हें अधिक महत्त्वाचें. २०१२ सालीं आपल्या आरंभींच्या आयुष्याविषयीं त्याचें ‘निळी ज्वाला’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक निघालें. त्यांतील आपल्या वांट्याचें उत्पन्न त्यानें सेंदाईच्या रिंकला दिलें. त्याच रिंकला, जें दोनदां बंद पडलें, जें आराकावेच्या शब्दानें एकदां उघडलें. मोठमोठ्या भावना व्यक्त करणें निराळें, आणि विजेच्या बिलाची सोय लावणें निराळें. सेंदाईंतील आज चार वर्षांचें एखादें मूल बहिणीच्या मागोमाग बर्फावर जात असेल, तर त्या दोघांच्या उपकारांचा कांहीं अंश त्याच्या पायांखालीं गोठलेला आहे. पुढें सामने चालू असतांच त्यानें वासेदा विद्यापीठाचा अभ्यासक्रम घरूनच पुरा केला, आणि २०२० सालीं पदवी घेतांना प्रबंध लिहिला तो बर्फावरील उड्यांच्या मापनावर. लहानपणची वही अशी विद्यापीठापर्यंत पोंचली. २०२२ च्या जुलैंत त्यानें सामन्यांतून निवृत्ति घेतली.

मनुष्य ऋणें घेऊनच जन्मास येतो, असा आपल्याकडील जुना विचार आहे. देवांचें, ऋषींचें व पितरांचें अशीं तीन ऋणें शास्त्रकारांनीं सांगितलीं. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु ज्या शाळेनें, ज्या वाचनालयानें, ज्या आखाड्यानें किंवा मैदानानें आपल्या मुलांस वाढविलें, त्यांचें ऋण ऋषिऋणांतच मोडतें असें आम्हांस वाटतें. आपल्याहि घरांतून मुलें व मुली विद्येसाठीं दूर जातात. त्यांना अश्रूंनीं अडवूं नये, आणि परत येण्याची शपथहि घालूं नये. निघतांना एवढेंच विचारावें: तुझी पाटी कोणी धरली होती, तें तुला आठवतें ना? आणि मुलांस हें विचारण्यापूर्वीं आपल्या गांवचें वाचनालय कोणाच्या वर्गणीवर चालतें, याची चौकशी घरांतील वडील माणसांनीं या महिन्यांत एकदां अवश्य करावी.